ओढ्याचे डोहाळे

कीर्तीवहिनींनी ठरवलं की सुनेचं डोहाळजेवण पर्यावरणपूरक करायचं. आणि मगदुमांच्या घरात वहिनींनी एकदा ठरवलं की मग ते पूरक असो नाहीतर मारक, होऊनच राहतं. महिला मंडळाच्या अध्यक्षा झाल्यापासून त्यांनी घरात कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे आणले होते. चारही डब्यांतला कचरा संध्याकाळी एकाच खड्ड्यात जायचा, ते सोडा. डबे चार होते, हे तर कुणाला नाकारता येत नव्हतं ना!

मांडव घातला होता माधवनगरच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या रानात, घराला लागून. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवून पट्टी मोकळी केलेली, त्यामुळं जमीन अजून काळी होती. त्या काळ्या जमिनीवर हिरवी जाजमं अंथरली. थीमचं नाव 'वसुंधरा'. प्लास्टिकच्या वेली सांगलीहून, थर्माकोलचं वडाचं झाड मिरजेहून, आणि प्रत्येक बाईला ओटीबरोबर द्यायला तुळशीचं रोप, प्लास्टिकच्या कुंडीत, कुंडीला प्लास्टिकचा कागद, वर 'प्लास्टिक टाळा' असं छापलेलं. मे महिन्याचं ऊन सोसवेना म्हणून मांडव चारी बाजूंनी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकनं बंद करून आत मोठे एसी लावले. त्यांना वीज पुरवायला मागं डिझेलचा जनरेटर धडधडत होता. त्याचा धूर मांडवात येऊ नये म्हणून त्याचं तोंड वरच्या अंगाच्या गल्लीकडं फिरवून ठेवलं होतं.

एकच गोष्ट वहिनींच्या डोळ्यांत खुपत होती, ती म्हणजे जेसीबी. सोमवारी सकाळी ओढा बुजवायचा, म्हणून त्यांच्या मालकांनी, म्हणजे सम्मेदरावांनी, तो आधीच आणून ओढ्याच्या काठावर उभा केला होता. शेजारी मुरमाचे ढीग.

"आवो, निदान आजच्या दिवस तरी हलवा तो. फोटोत येतोय," वहिनी म्हणाल्या.

"हलवला की तासाचं भाडं लागतं," सम्मेदराव म्हणाले. "तुझा तो पडदा लाव की त्याच्या म्होरं."

मग पडदा लावला. निळीहिरवी पृथ्वी, खाली दोन हात, तिला अलगद धरलेले. पडदा मोठा होता, पण जेसीबी त्याहून उंच, त्यामुळं पृथ्वीच्या डोक्यावरनं त्याचा लोखंडी पंजा जरासा दिसत राहिला. फोटोग्राफर म्हणाला, तेवढं नंतर पुसून टाकू.

आता सम्मेदरावांची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर म्हणाल बाईच्या बाजूनं सांगतोय. सम्मेद मगदूम काही दुष्ट माणूस नव्हे. सकाळी अभिषेकाला हजर, संध्याकाळी सूर्य मावळला की पाण्याशिवाय काही तोंडात घालत नाही, जन्मात कांदा-बटाटा चाखला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. उसात आता राम राहिला नाही. पाऊस पडतो तर मेमध्ये ढग फुटल्यागत, नाहीतर ऑगस्टात थेंब नाही. शेती पुढच्या पिढीच्या नशिबात नाही, मग पुढच्या पिढीसाठी प्लॉट पाडून ठेवावेत. प्लॉटांचं नावही ठरलं होतं, 'ग्रीन व्हॅली'. फक्त व्हॅलीतला ओढा मधे येत होता. तो बुजवला की रस्ता सरळ होत होता आणि कोपऱ्यावरचा एक झकास प्लॉट वाढत होता.

"हवा बिघडली म्हणून शेती मोडायची आणि शेती मोडून हवा आनखी बिघडवायची. लय हुशार हैस रं तू," असं तात्या पहिल्यांदा म्हणाले होते. तात्या म्हणजे जिनपाल मगदूम, सम्मेदचे वडील, घराचे कर्ते. पण सम्मेदनं कोपऱ्यावरचा प्लॉट पणतवंडाच्या नावावर करायचं बोलून दाखवलं आणि तात्या विरघळले. म्हातारपणी पणतवंड बघायला मिळणं म्हणजे सोन्याची फुलं उधळण्याचा योग. त्याच्यासाठी ओढा काय, कृष्णासुद्धा सरकवू, असं त्यांना वाटायला लागलं.

घरात या सगळ्याच्या विरोधात एकच माणूस होतं, आणि त्याला आज पृथ्वीच्या पडद्यापुढं झोपाळ्यावर बसवायचं होतं.

प्राची आतल्या खोलीत हिरव्या साडीच्या निऱ्या धरून उभी होती. सातवा महिना सरत आलेला, पाय सुजलेले. तिचा नवरा आर्जव शिरवळच्या एका कंपनीत 'शाश्वतता अधिकारी' होता. कंपनीनं वर्षभरात किती धूर सोडला आणि त्याबदल्यात किती रोपं लावली, याचा चकचकीत अहवाल करणं हे त्याचं काम. शनिवारी गाडीनं एकटाच यायचा, रविवारी एकटाच जायचा. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची, खोलीत अरे.

"आज बोलणार हैस ना?" तिनं विचारलं.

"बोलणार ना. पण योग्य वेळ बघून."

"उद्या सकाळी जेसीबी लागणार आहे, आर्जव."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको. मी तात्यांना एक प्रेझेंटेशन करून दाखवतो. पूररेषा, पाणलोट, सगळं मुद्देसूद."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात तिमाहीचं क्लोजिंग झालं की."

प्राचीनं निऱ्या सोडून दिल्या. "माझं मुद्देसूद एवढंच आहे," ती म्हणाली. "आमच्या माहेरच्या गल्लीचं सगळं पाणी तुमच्या रानातल्या ह्या ओढ्यातनंच पुढं नदीला जातं. दुसरी वाट न्हाई त्याला. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत पाऊस झाला तेव्हा आमच्या सोप्यात गुडघाभर पाणी होतं. ओढा होता म्हणून सकाळपर्यंत ओसरलं. ओढा बुजला की आमच्या गल्लीचं तळं होणार. आणि पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे ऐन श्रावणात मी आणि हे," तिनं पोटावर हात ठेवला, "त्याच सोप्यात. आता सांग, तुझ्या अहवालात हे कुठल्या पानावर येतं?"

आर्जवनं निऱ्या गोळा करून पुन्हा तिच्या हातात दिल्या. वाईट नव्हता हो पोरगा. फक्त शूरपणा पगारी झाला होता त्याचा, शिरवळातच संपायचा.

दुपार कलल्यावर व्याही आले. आप्पासो शेटे, प्राचीचे वडील. माधवनगरच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, घरामागं दोन यंत्रमाग. स्वच्छ पांढरा सदरा, टोपी, हातात ओटीच्या सामानाची पिशवी, मागं बायको हरणाबाई. मांडवात शिरताना त्यांना पृथ्वी दिसली, पृथ्वीच्या डोक्यावरचा पंजा दिसला, आणि शेजारचे मुरमाचे ढीग दिसले. माणूस क्षणभर थबकला. ज्याच्या घरात पाणी शिरलेलं असतं त्याला ढीग बघून कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

"जय जिनेंद्र, तात्या," आप्पासो हात जोडून म्हणाले.

"जय जिनेंद्र! या, या. बसा गारव्याला."

सम्मेदरावांनी स्वतःहूनच विषय काढला. मन खात असलं की माणूस आधी बोलतो. "पावनं, ते ओढ्याचं काम काढलंय. काळजी करू नगा. खालनं नळ टाकतोय की दोन फुटी."

ओढा बैलगाडी उतरेल एवढा रुंद होता. आप्पासोंनी ओढ्याकडं बघितलं, मग सम्मेदरावांच्या हातांकडं बघितलं, ते दोन फूट किती ते दाखवत होते.

"तुमी करशीला ते विचार करूनच करशीला," आप्पासो म्हणाले.

पडद्याआडून प्राचीनं हे ऐकलं. तिच्या वडिलांचा आवाज मागावर काम करताना साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. गल्लीत गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडणारा माणूस. लेक ह्या घरात दिल्यापासून इथं आला की त्याचा आवाज निम्मा व्हायचा. मुलीच्या बापानं व्याह्याच्या दारात तोंड उघडायचं ते जेवायला, एवढंच त्याला ठाऊक होतं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

कार्यक्रम सुरू झाला. आधी कीर्तीवहिनींचं भाषण. "भगिनींनो, आपण जे जगलो ते उधारीचं जगणं आहे. आपल्या पोटात वाढणाऱ्या पिढीच्या ताटातलं आपण आज खातोय. तिच्यासाठी आपलं काही कर्तव्य आहे की नाही?" बायांनी टाळ्या वाजवल्या. भाषण खरंच चांगलं होतं. वहिनींनी ते मनापासून लिहिलं होतं आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. घराच्या खिडकीतनं तेव्हा मुरमाचा पहिला डंपर आत येताना दिसत होता, पण त्या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकमेकींना भेटल्याच नाहीत. अशी मनं देवानं पुष्कळ दिलीत, तुम्हीआम्ही हसायचं कारण नाही.

मग प्राचीला झोपाळ्यावर बसवलं. गाणी झाली, ओटी झाली. दोन झाकलेल्या वाट्या पुढं केल्या, तिनं एक उचलली, बर्फी निघाली, बाया "मुलगी, मुलगी" म्हणून ओरडल्या. आणि मग आली मगदुमांच्या घरातली खास रीत. घरातल्या थोरल्या बाईनं गरोदर सुनेला चारचौघींत विचारायचं, डोहाळे कसले लागलेत. सुनेनं सांगायचं. आणि घरच्या कर्त्या पुरुषानं मांडवाच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचं, "दिलं!" म्हटलं की ते द्यायचं. डोहाळे राहिले तर पोराचा कान फुटतो, लाळ गळते, आणि वर घराण्याची अब्रू जाते ती वेगळीच.

ह्या बाबतीत तात्यांचा लौकिक मोठा होता. अव्वांना, म्हणजे तात्यांच्या मंडळी गुणमालाबाईंना, सम्मेदच्या वेळी ऐन वैशाखात हुरडा खावासा वाटला, तर तात्यांनी चार गावं पालथी घालून कुणाच्या तरी पाटाच्या पाण्यावरची ज्वारीची कणसं आणली होती. कीर्तीवहिनींना आर्जवच्या वेळी स्ट्रॉबेरीचे डोहाळे लागले, तर जीप वाईवरनं थेट पाचगणीला पिटाळली. "जिनपाल मगदुमाच्या दारात डोहाळा कवा माघारी गेला न्हाई," हे वाक्य ते स्वतःच प्रत्येक लग्नात ऐकवायचे.

वहिनींनी प्राचीला उत्तर पाठ करून दिलं होतं. 'मला झाडं लावायचे डोहाळे लागलेत' असं म्हणायचं, मग सगळ्यांना तुळशी वाटायच्या.

अव्वा काठी टेकत पुढं आल्या. प्राचीच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "सांग बाळा, कसलं डोहाळं लागल्यात?"

प्राचीनं नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाइलवर चित्रीकरण करत होता. मग तिनं वडिलांकडं बघितलं. ते आपल्या टोपीकडं बघत होते.

"अव्वा, मला ह्या ओढ्याचे डोहाळे लागलेत," प्राची म्हणाली. तिच्यापुढं माइक धरला होता, त्यामुळं आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "हा ओढा वाहता पाहिजे मला. बुजवायचा न्हाई. दुसरं काय नको."

एका बाईनं टाळी वाजवली, आणि सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. बायांना वाटलं, हे थीममधलंच आहे. "काय बाई कल्पना काढलीय कीर्तीवहिनींनी!" कुणीतरी म्हणालंसुद्धा. वहिनींचं तोंड उघडं ते उघडंच, पण कॅमेरा समोर म्हणून त्यांनी त्या उघड्या तोंडाचं हसू केलं.

सगळ्यांच्या माना मांडवाच्या तोंडाकडं वळल्या. तिथं तात्या उभे होते, फेटा बांधून. सम्मेदराव त्यांच्या कोपराला हिसका देत होते. पण शंभर बाया, तितकेच मोबाइल आणि आयुष्यभराचा लौकिक! तात्यांची छाती सवयीनं फुगली, आणि विचार येण्याआधी शब्द आला.

"दिला!"

सूर्य मावळायच्या आत जेवण आटपायचं होतं, आणि भांडणही त्याच वेळात बसवायचं होतं. बाया जेवून तुळशी घेऊन गेल्यावर घरच्यांची पंगत बसली. मसालेभात, खीर, कटाची आमटी. सम्मेदरावांनी पहिला घास घेतला नाही तोच म्हणाले, "तात्या, हे काय करून बसलासा? भाडं ठरलंय, मुरूम आलाय, दोन प्लॉटाचं बुकिंग झालंय."

"मग काय न्हाई म्हणायचं हुतं? माझ्या दारात?"

"प्राची, तू तरी!" कीर्तीवहिनींना आता शुद्ध बोलायचं भान राहिलं नव्हतं. "एवढ्या बायकांत आमाला तोंडावर पाडलंस! मी किती मनापासनं केलं हुतं समदं."

"तुमच्या भाषणात होतं तेच मागितलं, आई," प्राची म्हणाली. "तुम्ही म्हणालात पुढच्या पिढीसाठी कर्तव्य. मला वाटलं खरंच म्हणताय."

"आगं, ते भाषण हुतं!"

अव्वा आतापर्यंत गप्प जेवत होत्या. ह्या घरात पाणी गाळून प्यायची रीत त्यांनी सत्तरीतही सोडली नव्हती. गाळताना फडक्यात जे बारीक जीव राहतात ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत नेऊन सोडायचे, हे काम त्या कुणाला करू देत नसत. "मी लगीन होऊन आल्यापास्नं हिरीचं पाणी गाळतीया," त्या म्हणाल्या. "ती हीर ह्या ओढ्याच्या झऱ्यावर हाय. डोळ्याला न दिसणारं जीव मी जपून माघारी सोडलं, ते काय तुमी एका सकाळी गाडायला? मासं, बेडकं, खेकडं, ती तर डोळ्याला दिसत्यात की."

तात्या अडचणीत आले. धर्माचा मुद्दा आला की ते अडचणीत येत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मुरूम हळूहळू टाकायला सांगू. जीवांनी सरकून जावं, असा."

"आणि आधी 'उत्तम क्षमा' म्हणून माफी मागू," सम्मेदराव म्हणाले.

"कुणाला? बेडकांस्नी?" अव्वांनी वाटी खाली आपटली.

सम्मेदरावांनी मग शेवटचा डाव टाकला. तो त्यांना मघाशी खीर वाढून घेताना सुचला होता. "तात्यांचा शब्द मोडायचा न्हाई, कबूल. पण डोहाळं कवापर्यंत असत्यात? बाळंत हुईपर्यंत. बाळ झालं की डोहाळं संपलं. श्रावणापर्यंत ओढा वाहता. पावसाळा सरला, की दिवाळीत जेसीबी लावू. शब्द बी ऱ्हातोय आणि काम बी."

सगळ्यांचे चेहरे उजळले. तात्यांचा तर सर्वांत आधी. आर्जवलाही हायसं वाटलं. "टप्प्याटप्प्यानं करणं हाच मार्ग असतो," तो म्हणाला, "आमच्याकडंही असंच, टार्गेट पुढं ढकलतो."

म्हणजे हिशेब असा झाला बघा. पिढी पोटात आहे तोवर ती भावी पिढी. तिच्यासाठी भाषण, पैठणी, ओढा, सगळं. तिनं बाहेर येऊन टॅहां केलं की भावीपण संपलं, मग तीही एक वाटणीदार.

"आणि पुढच्या पावसाळ्यात?" प्राचीनं विचारलं. "मूल रांगत असंल तवा? आमच्या गल्लीत पाणी शिरलं तर?"

"त्याचा बी विचार केलाय," सम्मेदराव म्हणाले. ते मनानं खरोखर उदार होते, आणि उदार माणसाचं हे असंच होतं. "पावन्यांना मी एक रबरी बोट घेऊन देतो. चांगली, सहा माणसांची, महापुरात आणत्यात तसली. लाइफ जॅकेटासकट. बाळाच्या मापाचं बी मिळतंय, आर्जव ऑनलाइन मागवंल."

आर्जवनं खिशातनं मोबाइल काढला.

आणि आप्पासो शेट्यांनी हात जोडले. पानावर बसल्या बसल्या, उष्टा हात तसाच डाव्या हाताला जोडून. "लय उपकार झालं," ते म्हणाले. "पोरीचं मनावर घेऊ नका. ह्या दिवसांत बायका हळव्या हुत्यात. यंदाचा पावसाळा निघाला, लय झालं. पुढचं पुढं बघू."

प्राची खुर्चीवरनं उठली. जड अंगानं उठायला वेळ लागला, हरणाबाई हात द्यायला धावल्या, तो तिनं घेतला नाही. ती वडिलांच्या पानापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, पुढचं म्हणजे कोण?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "तुमी म्हणताय पुढचं पुढं. हे बघा. हे पुढचं. हे तुमच्याच सोप्यात जन्माला येणार आहे. ह्याच्यासाठी तुमी बोटीवर खूश झालासा? माझ्यासाठी न्हाई बोलला, मला कळतं, मी दिलेली लेक. पण ह्याच्यासाठी बी न्हाई?"

खिरीवर साय धरत होती. आप्पासोंनी मान वर करून लेकीच्या पोटाकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी लाज आली. मग दुसरंच काहीतरी आलं. ते उठले, हौदाजवळ जाऊन हात धुतले, टोपी नीट केली, आणि पंगतीपुढं येऊन उभे राहिले.

"तात्या," ते म्हणाले, आणि आवाज गल्लीतला होता, "मुलीचा बाप म्हणून मी आजवर तुमच्याम्होरं तोंड उघडलं न्हाई. आज बी उघडत न्हाई. पण जन्माला येतंय त्याचा सम्मेदराव जसा आजा, तसा मी बी आजा. त्या नात्यानं बोलतो. ओढा बुजवायचा न्हाई. औंदा न्हाई, दिवाळीला न्हाई, कवाच न्हाई."

"पावनं, जमीन आमची हाय," सम्मेदराव म्हणाले. आवाज चढला होता. "आमच्या रानात आमी काय करायचं ते आमी बघू."

"जमीन तुमचीच. पाणी कुठं तुमचं हाय? ते वरनं येतंय, माझ्या दारातनं. तुमी मालकी सांगताय ती खड्ड्याची." आप्पासो थांबले नाहीत. "पोरीला मी आजच घेऊन जातो. बाळंतपण माझ्याकडं. सव्वा महिन्यानं रीतीपरमानं तुमी बाळाला न्यायला याल, वाजतगाजत. ओढा वाहता ठेवलासा तर लेक, नातवंड, समदं ओटी भरून पाठवतो. आणि जर का बुजवलासा…"

"तर?" तात्या म्हणाले.

"तर ती रबरी बोट मला देऊ नगा. ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पणतवंडाला बघायला यायला तुमालाच लागंल. आणि आलासा बी, तर मी दार उघडीनच असं न्हाई."

व्याह्याच्या मांडवात मुलीच्या बापानं असं बोललेलं मगदुमांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. सम्मेदराव ताडकन उठले. कीर्तीवहिनींनी त्यांचा सदरा धरला. ह्या घरात त्यांनी नवऱ्याला मागं ओढण्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यांच्या डोळ्यांपुढं बाळाशिवाय परत आलेली वरात उभी राहिली होती, आणि तिचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकता येण्यासारखा नव्हता. "बसा खाली," त्या म्हणाल्या. "बसा म्हणते ना!"

सगळे तात्यांकडं बघत होते. तात्या कुणाकडंच बघत नव्हते. पणतवंडाच्या डोक्यावरनं उधळायला त्यांनी सोन्याची फुलं सोनाराकडं टाकलीसुद्धा होती. पश्चिमेला ऊन पार तांबूस झालेलं. त्यांनी पानातला उरलेला घास संपवला, कारण अन्न टाकायचं नसतं, आणि मग ओढ्याकडं तोंड करून हाक मारली.

"ज्योतिबा! आरं ए ज्योतिबा!"

जेसीबीवाला पडद्यामागनं डोळे चोळत बाहेर आला. "व्हय, मालक?"

"गाडी काढ. मुरूम बी उचल."

"उद्या सकाळी हाय न्हवं काम?"

"उद्या न्हाई."

"मग कवा येऊ, मालक?"

तात्यांनी सम्मेदकडं बघितलं. सम्मेद 'दिवाळी' म्हणायला तोंड उघडत होता. तात्यांनी बोट वर करून त्याला गप्प केलं.

"येऊ नगंस," तात्या म्हणाले.

आर्जवनं बायकोची बॅग उचलली आणि सासऱ्यांच्या मागोमाग चालू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीपाशी पोचल्यावर आप्पासो एकदम रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. मघाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"लय बोललो काय गं मी?" त्यांनी विचारलं. "तुला तिथं नांदायचं हाय."

प्राची त्यांच्या शेजारी टेकली. खूप वेळानं तिनं डोळे पुसले.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "उशिरा बोललासा."

आप्पासोंनी मान हलवली. तेवढं त्यांना मान्य होतं.

"पर बोललासा," प्राची म्हणाली, आणि वडिलांच्या हाताला धरून उठली.